चिनी शिकावी, पण स्वतःच्या खर्चाने

गलवाननंतर गोठलेले भारत-चीन संबंध आता सैल होऊ लागले आहेत. २०२५ च्या उन्हाळ्यात कैलास-मानसरोवरची यात्रा पुन्हा सुरू झाली, ऑक्टोबरात थेट विमाने उडू लागली, आणि त्यांच्या मागोमाग पाच वर्षे फायलीत पडून असलेला एक प्रश्नही बाहेर येतो आहे. चीन सरकारच्या पैशाने, चीन सरकारने पाठवलेल्या शिक्षकांकडून, आपल्या विद्यापीठांत ‘कन्फ्युशियस इन्स्टिट्यूट’ नावाच्या संस्था उघडून चिनी भाषा आणि संस्कृती शिकवू द्यायची का? यावर जे बोलले जाते ते ऐकून वाईट वाटते. एका बाजूला ‘हे हेरांचे अड्डे आहेत, कुलूप ठोका’ असे म्हणणारे आहेत. दुसऱ्या बाजूला ‘भाषेला कसली आली सीमा, शिकू द्या पोरांना’ असे म्हणणारे आहेत. पहिल्यांकडे पुरावा नाही आणि दुसऱ्यांनी करार वाचलेला नाही. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. चीन सरकारने आपली भाषा जगाला शिकवण्यात गैर काही नाही. त्यासाठी त्यांनी मुंबईत स्वतःची इमारत घ्यावी, वर्ग भरवावेत, फी घ्यावी. मात्र विद्यापीठाच्या आवारात, विद्यापीठाच्या नावावर त्यांना जागा देऊ नये. आणि जे विद्यापीठ त्यांना बाहेर ठेवते पण स्वतःच्या खर्चाने चिनीचा विभाग उभारत नाही, त्याने देशाचे रक्षण वगैरे काही केलेले नाही; आपल्याच विद्यार्थ्यांचे नुकसान तेवढे केले आहे.

आधी ही व्यवस्था चालते कशी ते पाहू. २००४ च्या नोव्हेंबरात दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये पहिली कन्फ्युशियस इन्स्टिट्यूट उघडली. तिच्यामागे बीजिंगमधले ‘हानबान’ हे सरकारी कार्यालय होते. दीड दशकात अशा संस्थांची संख्या पाचशेच्या वर गेली आणि त्या दीडशेहून अधिक देशांत पसरल्या; शाळांमधले ‘कन्फ्युशियस वर्ग’ हजाराच्या पुढे गेले ते वेगळेच. पद्धत साधारण सगळीकडे एकच. यजमान विद्यापीठ जागा देते आणि थोडा खर्च उचलते. हानबान सुरुवातीला लाख-दीड लाख डॉलर, पुढे दरवर्षी अनुदान, पुस्तके आणि पगारासकट शिक्षक देते. चीनमधले एखादे विद्यापीठ भागीदार म्हणून जोडले जाते आणि कारभार दोन संचालक पाहतात, एक इथला, एक तिथला. आपल्याकडे वेल्लोरच्या व्हीआयटीत अशी संस्था आली, आणि २०१३ मध्ये तिआनजिन युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीच्या भागीदारीत मुंबई विद्यापीठातही आली. २०२० मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने अशा सात संस्थांचा आणि चिनी संस्थांशी झालेल्या ५४ सामंजस्य करारांचा आढावा घ्यायचे ठरवले. त्याच वर्षी जाहीर झालेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शाळांतल्या परदेशी भाषांची जी यादी आहे, तिच्यातून चिनी गळली. २०१९ च्या मसुद्यात ती होती. चीननेही त्याच वर्षी हानबानचे नाव बदलले आणि या संस्था एका प्रतिष्ठानाकडे सोपवल्या. पाटी बदलली तरी मूळ प्रश्न तसाच राहिला.

माझ्या म्हणण्याच्या विरोधकांच्या भात्यातला सर्वांत मोठा बाण असा: हे सगळेच देश करतात, मग चीनवरच डोळा का? हा युक्तिवाद हलका नाही. प्रशियाकडून झालेल्या पराभवाची जखम ताजी असताना, १८८३ मध्ये, फ्रान्समध्ये ‘आलियाँस फ्राँसेझ’ निघाली. इटलीची दान्ते अलिगिएरी संस्था १८८९ ची, ब्रिटिश कौन्सिल १९३४ ची, जर्मनीची ग्योटे इन्स्टिट्यूट १९५१ ची. यांतली एकही निव्वळ भाषाप्रेमातून जन्मलेली नाही. प्रत्येकीच्या मागे आपल्या देशाचे वजन वाढवण्याचा हिशेब आहे. आपणही यात मागे नाही. मौलाना आझादांच्या पुढाकाराने १९५० मध्ये भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली आणि आज देशोदेशी तिची सांस्कृतिक केंद्रे आहेत. मॉरिशसमधली मोका इथली महात्मा गांधी इन्स्टिट्यूट भारत आणि मॉरिशस या दोन सरकारांनी मिळून १९७० मध्ये उभी केली. तिथे हिंदी-तमिळबरोबर मराठीही शिकवली जाते आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. पुण्यात तर कित्येक पिढ्या बोट क्लब रोडवरच्या मॅक्समुल्लर भवनात, म्हणजे ग्योटे इन्स्टिट्यूटच्या इथल्या शाखेत, जर्मन शिकल्या आणि त्या जर्मनवर नोकऱ्या मिळवून घर चालवू लागल्या. जर्मन करदात्याच्या पैशाने शिकल्याबद्दल त्यांच्यावर कुणी संशय घेतला नाही. मग चिनी करदात्याचा पैसाच तेवढा विषारी कसा?

पैसा विषारी नसतो. तो कुठे येऊन बसतो आणि बसल्यावर काय मागतो, ते पाहावे लागते. मॅक्समुल्लर भवन पुण्यात स्वतःच्या इमारतीत आहे. तिथला अभ्यासक्रम आवडला नाही तर विद्यार्थी दुसरीकडे जाईल. विद्यापीठाच्या पदवीवर, नेमणुकांवर, परिसंवादांवर त्याचा काही परिणाम होणार नाही. जर्मनीची ‘डाड’ ही संस्था परदेशी विद्यापीठांत शिक्षक पाठवते हे खरे, आणि हा मुद्दा माझ्या विरोधात जातो हेही मान्य. पण तो शिक्षक वर्गात नाझी राजवटीबद्दल, ज्यूंच्या संहाराबद्दल, आजच्या जर्मन सरकारच्या चुकांबद्दल मोकळेपणाने बोलू शकतो, आणि बोलतो. कन्फ्युशियस इन्स्टिट्यूटच्या घटनेतच असे कलम होते की संस्थेचे कामकाज यजमान देशाच्या कायद्याप्रमाणे चालावे आणि चीनच्या कायद्यांशीही विसंगत नसावे. ज्या देशात ४ जून १९८९ ला तिआनमेन चौकात काय घडले याची जाहीर चर्चा करता येत नाही, त्या देशाचा कायदा कलिन्याच्या किंवा शिकागोच्या वर्गखोलीत कशासाठी आणायचा? फ्रेंच शिकवणाऱ्या शिक्षिकेने अल्जीरियातल्या फ्रेंच अत्याचारांचा विषय काढला तर पॅरिसमधला कोणताही अधिकारी तिची नोकरी घेत नाही. तिबेटबद्दल प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तर देण्याची मोकळीक चीनने पाठवलेल्या शिक्षिकेला आहे का?

या दडपणाची उदाहरणे कागदावर आहेत. २००९ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने दलाई लामांची ठरत आलेली भेट रद्द केली. वेळ आणि साधने कमी होती, असे विद्यापीठाने सांगितले. मात्र तिथल्या कन्फ्युशियस इन्स्टिट्यूटच्या संचालकांनी ‘अशा भेटीने चीनशी चाललेले काम बिघडेल’ असे वरिष्ठांच्या कानावर घातल्याचे नंतर प्रसिद्ध झाले. २०१४ च्या जुलैत पोर्तुगालमध्ये ब्रागा इथे युरोपातल्या चीन-अभ्यासकांची परिषद भरली होती. हानबानच्या प्रमुख शू लिन यांनी परिषदेच्या छापील कार्यक्रमपत्रिकेतून तैवानमधल्या एका प्रतिष्ठानाचा उल्लेख असलेली पाने फाडून काढायला लावली. युरोपच्या भूमीवर, युरोपीय विद्वानांच्या परिषदेत, त्या विद्वानांच्याच पुस्तिकेची पाने! त्याच वर्षी सप्टेंबरात शिकागो विद्यापीठाने आपली संस्था बंद केली. शंभराहून अधिक प्राध्यापकांनी आधीच विरोधात सह्या केल्या होत्या. त्यात शू लिन यांनी विद्यापीठाला कसे दमात घेतले याचे कौतुक एका चिनी वर्तमानपत्रात छापून आले आणि विद्यापीठाने वाटाघाटी थांबवल्या.

याच्या शेजारी स्टॅनफर्डची गोष्ट ठेवून पाहावी. हानबानने त्यांना ४० लाख डॉलर देऊ केले आणि या पैशातून नेमलेल्या प्राध्यापकाने तिबेटसारख्या नाजूक विषयांवर बोलू नये, असे सुचवले. स्टॅनफर्डने नाही म्हटले. पैसा तरीही आला आणि त्यातून अभिजात चिनी काव्याचे अध्यासन उभे राहिले. या एका प्रसंगात मला सगळ्या वादाचे मर्म दिसते. स्टॅनफर्डकडे स्वतःचा गडगंज निधी आहे, चीनच्या अभ्यासाचा जुना विभाग आहे, म्हणून त्याला नाही म्हणता आले. ज्या विद्यापीठात चिनी शिकवणारा स्वतःचा एकही माणूस नाही, ते नाही कशाच्या जोरावर म्हणणार? उद्या अनुदान थांबले तर वर्ग बंद पडतील, ही भीती आधीच मनात असते. मग कुणी सांगायचीही गरज राहत नाही. तिबेटवरचे व्याख्यान पुढच्या सत्रात ढकलले जाते, तैवानच्या पाहुण्याला पत्र जात नाही, झिनजियांगवर प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थिनीला ‘दुसरा विषय घे’ असा प्रेमळ सल्ला मिळतो. न झालेल्या व्याख्यानाची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नसते, त्यामुळे ‘आमच्यावर दबाव नव्हता’ असे सांगणारे कुलगुरू खोटे बोलतात असेही नाही.

या वादात शिक्षकांचा विचार कुणीच करत नाही, याचे मला सर्वांत वाईट वाटते. परदेशात येणारे बहुतेक चिनी शिक्षक तरुण असतात. पदवी नुकतीच हातात पडलेली, जग पाहायची हौस, शिकवण्याची खरी आवड. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात अशीच एक शिक्षिका आली होती. फालुन गोंग या चीनमध्ये बंदी असलेल्या पंथाशी संबंध ठेवणार नाही असे तिला करारात लिहून द्यावे लागले होते, आणि ती स्वतः तो पंथ मानणारी होती. तिने तक्रार केली. कॅनडातल्या विद्यापीठात धर्मावरून नोकरी नाकारता येत नाही, हे विद्यापीठाच्या लक्षात आले आणि २०१३ मध्ये मॅकमास्टरने ती संस्था बंद केली. आपल्या आवारात शिकवणाऱ्या माणसाला आपल्याच देशाच्या कायद्याचे संरक्षण मिळत नसेल, तर त्याला आपण कोणत्या तोंडाने सहकारी म्हणायचे? ‘भाषेला सीमा नसते’ म्हणणाऱ्यांनी आधी त्या मुलीच्या कराराचा विचार करावा.

आता दुसरी बाजू. हेरगिरीचा आरोप करणाऱ्यांना मी पुरावा मागतो, आणि तो मिळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीने २०२३ मध्ये या संस्थांवर अहवाल दिला. जाहीर उपलब्ध माहितीत हेरगिरीशी किंवा संशोधनाच्या चोरीशी त्यांचा संबंध दाखवणारा पुरावा समितीला आढळला नाही. चिनी कम्युनिस्ट पक्षाचे त्या वेळचे प्रचारप्रमुख ली चांगचुन यांनी २००९ मध्ये या संस्था चीनच्या परदेशातल्या प्रचारयंत्रणेचा महत्त्वाचा भाग आहेत असे म्हटले होते. ते वाक्य या वादात सतत फेकले जाते. पण तो प्रचार फळला का? युरोपातली पहिली कन्फ्युशियस इन्स्टिट्यूट २००५ मध्ये स्टॉकहोम विद्यापीठात सुरू झाली. पंधरा वर्षांनी प्यू संस्थेने लोकांची मते घेतली तेव्हा चीनबद्दल प्रतिकूल मत असलेले स्वीडिश लोक ८५ टक्के निघाले. अमेरिकेत एके काळी अशा शंभरेक संस्था होत्या; तिथे हा आकडा ७३ टक्के होता. हातात कुंचला धरून चार अक्षरे गिरवली, सणाला डंपलिंग खाल्ले, ताई चीचे हातवारे केले, म्हणून विशीतली मुले आपली बुद्धी गहाण टाकतात असे मानणे हा त्या मुलांचा अपमान आहे.

शिवाय हेरांची भाषा एकदा सुरू झाली की ती संस्थांवर थांबत नाही, माणसांपर्यंत पोचते. १९६२ च्या युद्धात आसाम, बंगाल, दार्जिलिंग भागातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबले गेले. त्यांत पिढ्यान्‌पिढ्या इथेच वाढलेले सुतार, चांभार, दंतवैद्य होते, म्हाताऱ्या होत्या, शाळकरी पोरे होती. त्यांच्यातल्या अनेकांना पुन्हा आपले दुकान, आपले घर दिसले नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत यावर चार ओळीसुद्धा नाहीत. संशय घ्यायचाच तर तो कराराच्या कलमांवर घ्यावा, चेहऱ्यांवर घेऊ नये, हे या अनुभवाने आपल्याला शिकवायला हवे होते.

याच लोकांमुळे ‘चिनी संस्कृती’ म्हणजे कोणाची संस्कृती, हाही प्रश्न उभा राहतो. माझगावला सी यिप कून हे जुने चिनी मंदिर आहे. ते बांधणारे लोक दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून समुद्रमार्गे मुंबईत आले, गोदीत आणि जहाजांवर राबले. त्यांची बोली कँटोनीजच्या कुळातली. कोलकात्याच्या टांगऱ्यातले चिनी चर्मकार हक्का बोलत. कन्फ्युशियस इन्स्टिट्यूटमध्ये या भाषांना जागा नाही. तिथे शिकवतात ती बीजिंगने प्रमाण मानलेली पुतोंगह्वा, आणि तीही सोप्या केलेल्या लिपीत. प्रमाणभाषा शिकवणे चूक नाही, मराठीच्या वर्गातही आपण तेच करतो. पण एखादे सरकार एका संस्कृतीचा एकमेव मालक म्हणून समोर उभे राहते, तेव्हा त्याची निवड तपासून घ्यावी लागते. १९६६ मध्ये, माओच्या सांस्कृतिक क्रांतीत, रेड गार्डच्या तरुणांनी चूफू इथे कन्फ्युशियस या प्राचीन तत्त्वज्ञाच्या थडग्याची नासधूस केली. १९७४ मध्ये त्याच्याविरुद्ध देशभर मोहीम चालली. तीस वर्षांनी त्याच पक्षाच्या सरकारने त्याचे नाव जगभरच्या पाट्यांवर लावले. २०११ च्या जानेवारीत तिआनमेन चौकालगत त्याचा साडेनऊ मीटरचा पुतळा उभा राहिला आणि एप्रिलमध्ये काही न सांगता तिथून हलवला गेला. अडीच हजार वर्षांच्या परंपरेतले काय दाखवायचे आणि काय झाकायचे हे आजच्या राजकारणाच्या सोयीने ठरते, याहून वेगळा पुरावा कशाला हवा? आपल्याकडे इतिहासाशी असे खेळ होतात तेव्हा आपण संतापतो. चिनी विद्यार्थ्यालाही तसाच संताप येत असेल, फरक इतकाच की तो तिथे बोलून दाखवू शकत नाही.

परक्यांच्या पैशाने चालणारे शिक्षण हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. १८३९ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि शहर हादरले. पालकांनी आपली मुले शाळेतून भराभर काढून घेतली. चार वर्षांनी श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाचे प्रकरण कोर्टात गेले. मिशनकडून तो घरी परतला तेव्हा त्याला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी स्वतःवर रोष ओढवून घेतला. या भीतीचे काय झाले? मुले घरी बसवून प्रश्न सुटला नाही. १८८० च्या १ जानेवारीला विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर त्यांना येऊन मिळाले. मिशनऱ्यांनी आणि सरकारने जी इंग्रजी शिकवायला घेतली होती तीच इंग्रजी या मंडळींनी आपल्या शाळेत, आपल्या शिक्षकांकडून शिकवली. चार वर्षांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ मध्ये कॉलेज निघाले. त्याला नाव दिले मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे. त्यांनी बाराशे रुपयांची देणगीही दिली होती. देणगी घेतली, नावही दिले, पण कॉलेजात कोण शिकवणार आणि काय शिकवणार हे ठरवण्याचा हक्क सोसायटीच्या आजीव सभासदांनी आपल्याकडेच ठेवला.

कुणी म्हणेल, पण परक्यांनी शिकवलेल्या इंग्रजीनेही भलेच केले की! जोतीराव फुले मिशनऱ्यांच्या शाळेत शिकले आणि त्याच इंग्रजीतून टॉमस पेन वाचून त्यांनी आपल्या समाजातल्या गुलामगिरीवर घाव घातला. बरोबर आहे, आणि हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. जोतीरावांना इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या मनात पेन नव्हता. पेन तर इंग्लंडच्या राजसत्तेचा आणि चर्चचा कट्टर टीकाकार. तरीही त्याचे पुस्तक पुण्यातल्या एका माळ्याच्या मुलापर्यंत पोचले, कारण ते छापले जात होते, विकले जात होते, आणि ते वाचले म्हणून शाळेचे अनुदान बंद होत नव्हते. भाषा माणसाला मोकळे करते ती अशी, शिकवणाऱ्याच्या इच्छेपलीकडे जाऊन. त्यासाठी त्या भाषेतले नकोसे लेखनही हाताशी असावे लागते. चिनीतही तुरुंगात गेलेल्या लेखकांचे, तैवानच्या आणि हाँगकाँगच्या पत्रकारांचे, देशाबाहेर राहणाऱ्या कवींचे लेखन भरपूर आहे. हानबानच्या पेट्यांतून आलेल्या पुस्तकांत ते सापडणार नाही. ते विद्यापीठाच्या स्वतःच्या ग्रंथालयात, स्वतःच्या पैशाने विकत घेऊन ठेवावे लागेल.

चिनी सरकारचा पैसा भारतात आला की अनर्थच होतो असेही नाही, आणि याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. १९३७ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी शांतिनिकेतनात चीना भवन सुरू केले. त्यासाठी तान युन-शान या चिनी विद्वानाने चीनमधून पैसा आणि हजारो ग्रंथ जमवले. चीनमध्ये तेव्हा सत्तेवर असलेल्या चँग कै-शेकच्या सरकारमधल्या बड्या लोकांचा त्याला पाठिंबा होता आणि त्यांना भारतीय जनमत आपल्या बाजूला हवे होते हे उघड आहे. पण चीना भवन विश्वभारतीचे होते. तान युन-शान रवींद्रनाथांचे सहकारी म्हणून आले आणि आयुष्यभर इथेच राहिले. तिथे बौद्ध ग्रंथांवर काम झाले, प्रबोधचंद्र बागचींसारखे संशोधक तिथे वावरले. चीनमध्ये सत्ता पालटली तरी भवन उभे राहिले. ते कोमेजले १९६२ नंतर, आणि ते चीनने कोमेजवले नाही; चीनचा अभ्यास करणे म्हणजेच काहीतरी संशयास्पद, अशी जी हवा आपण निर्माण केली तिने कोमेजवले. ज्या देशाशी आपण युद्ध हरलो त्या देशाला समजून घेण्याचे काम तेव्हा दुप्पट जोराने व्हायला हवे होते. झाले उलटे.

तीच चूक २०२० नंतर पुन्हा घडते आहे. अमेरिकेने काय केले ते पाहा. तिथल्या संसदेने २०१८ मध्ये विद्यापीठांना सांगितले की कन्फ्युशियस इन्स्टिट्यूट ठेवा किंवा संरक्षण खात्याचे चिनी भाषेसाठीचे अनुदान घ्या. दोन्ही मिळणार नाही. विद्यापीठांनी भराभर संस्था बंद केल्या, २०२३ पर्यंत पाचसुद्धा उरल्या नाहीत. या निर्णयातल्या घिसाडघाईवर टीका करता येईल, तिथे चीनला जाऊन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या ११ हजारांवरून काही शेकड्यांवर आली आणि कोरोनाची साथ संपल्यावरही सावरली नाही, हेही चिंतेचे आहे. पण निदान त्यांच्याकडे दुसऱ्या पारड्यात टाकायला काही होते. आपल्या शिक्षण मंत्रालयाने चिनीच्या किती अध्यापकपदांना मंजुरी दिली? २०२४-२५ मध्ये चीनशी आपली व्यापारी तूट जवळपास १०० अब्ज डॉलर झाली. औषधांचा कच्चा माल, मोबाइलचे सुटे भाग, सौरपट्ट्या तिकडून येतात. इचलकरंजीचा यंत्रमागवाला आणि नाशिकचा सुटे भाग बनवणारा उद्योजक चीनमधल्या यिवूच्या घाऊक बाजारात जातो तेव्हा दुभाष्याच्या शब्दावर अवलंबून असतो, आणि तो दुभाषा समोरच्या पक्षाने आणलेला असतो. लडाखच्या सीमेवर बैठकीला बसणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याला समोरचा काय पुटपुटतो ते कळायला हवे, म्हणून सेनेने २०२३ मध्ये तेजपूर विद्यापीठाशी चिनी शिकवण्याचा करार केला. सेनेला जे उमगले ते विद्यापीठ अनुदान आयोगाला का उमगू नये?

चीनकडून शिकायचेच तर हे शिकावे: त्यांनी भारतीय भाषा शिकायला भारताच्या पैशाची वाट पाहिली नाही. पेकिंग विद्यापीठात १९४० च्या दशकापासून हिंदी शिकवली जाते. तिथले ची श्येनलिन गटिंगनला संस्कृत शिकले, १९४६ मध्ये परतल्यावर पूर्वेकडच्या भाषांचा विभाग त्यांनी उभा केला, आणि सांस्कृतिक क्रांतीत छळ सोसून, चोरून-लपून वाल्मीकी रामायण चिनीत आणले. भारताने २००८ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले. आपल्याकडेही अशी माणसे होती. फर्ग्युसनचे पु. वि. बापट पालीचे पंडित. ‘विमुत्तिमग्ग’ हा बौद्ध ग्रंथ पूर्णरूपाने चिनी भाषांतरातच उरला आहे म्हणून ते चिनी शिकले आणि १९३७ मध्ये पुण्यातून त्यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. वसंत परांजपे १९४७ मध्ये भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर पेकिंगला गेले आणि १९५४ मध्ये नेहरू आणि माओ बोलत होते तेव्हा दुभाषी म्हणून मध्ये बसले. पंतप्रधानांच्या बाजूने बोलणारा माणूस आपल्या पैशाने शिकलेला होता, म्हणून त्याच्यावर विसंबता आले.

काही जण मधला मार्ग म्हणून तैवानकडे बोट दाखवतात. तैवानने २०२४ मध्ये मुंबईत कार्यालय उघडले आहे, त्यांची शिक्षण केंद्रे भारतीय विद्यापीठांत २०११ पासून आहेत, आणि तिथल्या शिक्षकाला आपल्या सरकारवर टीका करता येते, ही मोठी गोष्ट आहे. त्यांची मदत जरूर घ्यावी. पण तैवानलाही त्याचे राजकारण आहे, आणि नियम करायचा तर तो सर्वांना सारखा असावा: पैसा कोणत्याही सरकारचा असो, शिक्षकाची निवड विद्यापीठाची समिती करील, अभ्यासक्रम अभ्यास मंडळ ठरवील, शिक्षकाला भारतीय कायद्याचे संरक्षण राहील आणि करार पहिल्या दिवसापासून संकेतस्थळावर असेल. या अटींवर बीजिंग यायला तयार असेल तर तेही येऊ देत. नसेल तर मुंबईत भाड्याने जागा पुष्कळ मिळते.

मात्र या अटी कागदावर राहतील, जर आपल्याकडे अटी घालण्याची ताकद नसेल, आणि ताकद येते ती पूर्णवेळ पदांमधून. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आज मराठीच्याही जागा रिकाम्या आहेत, परदेशी भाषांचे वर्ग तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकांवर चालतात, आणि तासाला ठरलेले मानधन घेणारा शिक्षक पाच वर्षांचा विचार करू शकत नाही. चिनी वाचता यायला काही हजार अक्षरे डोक्यात बसावी लागतात. तिथे प्रमाणपत्राचे सहा महिने पुरत नाहीत, चार-पाच वर्षांचा सलग अभ्यास लागतो, त्यातले एक वर्ष चीन किंवा तैवानमध्ये काढावे लागते. मुंबई आणि पुणे या दोन विद्यापीठांत मिळून चिनीची सहा मंजूर पदे, एक ग्रंथालय आणि दरवर्षी दहा शिष्यवृत्त्या, एवढी मागणी राज्य सरकारला परवडणार नाही असे कुणी म्हणत असेल तर त्याने एका उड्डाणपुलाचा खर्च काढून पाहावा. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेत निवडून आलेल्या सदस्यांनी कन्फ्युशियस इन्स्टिट्यूटचा २०१३ चा तो करार सभागृहात मांडण्याची मागणी करावी, आणि त्याच बैठकीत विचारावे की चिनीच्या पहिल्या पूर्णवेळ प्राध्यापकाची जाहिरात कोणत्या महिन्यात निघणार आहे.